पोटात गेलेलं औषध

पॅकहाऊसच्या दारात झुंबरबाई रोज सकाळी बायकांचे हात बघायची. नखं वाढलेली नकोत, हातात बांगडी नको, बोटाला चिंधी नको. त्या सोमवारी हात बघून झाल्यावर ती म्हणाली, "आता तोंडं उघडा."

बायका हसल्या. झुंबरबाई हसली नाही.

"हसू नका. गुरुवारी तपासणीवाले येणार हेत. तंबाखू-मिश्रीवाली एक बाई जरी लाइनवर सापडली, तरी अख्खा माल अडकंल, असं ललितदादांनी बजावलंय. उघडा."

सविता रांगेत पाचवी होती. बोलताना ती ओढणीचं टोक ओठांपाशी धरायची आणि हसू आलं की मान खाली घालायची. द्राक्षं डब्यात भरायच्या लाइनवर तिला वीस दिवस झाले होते, पण तिचे दात अजून कुणी नीट बघितले नव्हते. तिनं जरासं तोंड उघडलं.

"अजून."

झुंबरबाईनं एका हातानं तिची हनुवटी धरली आणि दुसऱ्या हातानं मोबाइलची बॅटरी लावली. मागच्या बायका टाचा उंचावून बघू लागल्या. दात सरळ होते, एकही किडका नव्हता. पण रंग राखेत कालवलेल्या मातीसारखा होता, आणि वरच्या पुढच्या दातांवर तीन आडव्या काळपट पट्ट्या होत्या. एका दातावरून दुसऱ्या दातावर, जवळजवळ एका रेघेत.

"दिसातून कितीदा लावतीस?"

"काय?"

"मिश्री."

"मी मिश्री लावत नाय, मावशी."

"मग हा काय भिंतीचा रंग लागला?"

झुंबरबाईनं तिला बाहेरच्या नळावर नेलं, तळहातावर दंतमंजन ओतलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सविता बोटानं घासत राहिली. हिरड्यांतून रक्त आलं, गुलाबी पाणी सिमेंटवरून ओघळलं. पट्ट्या होत्या तशाच राहिल्या.

"बघा. निघत नाय," ती म्हणाली.

"लय जुनी सवय असंल, तर कशी निघंल?"

तेवढ्यात ललित गाडीतून उतरला. बाग त्याच्या वडिलांची, दत्तूनानांची. पॅकहाऊस मात्र ललितनं पाच वर्षांपूर्वी उभं केलं होतं. तो दोन हात लांबच थांबला. झुंबरबाईनं पुन्हा सविताची हनुवटी वर केली. त्यानं बघितलं आणि नजर काढून घेतली.

"तपासणी होईपर्यंत बागेत जा. तोडणीला."

"साहेब, माझे दात पहिल्यापासून असेच हायेत. मी कवाच काय खाल्लं नाय."

"मग तसं दातांच्या डॉक्टरकडून लिहून आण. शिक्क्यानिशी. मग बघू."

सविता आत जाऊन डोक्यावरची जाळीची टोपी काढून ठेवून आली. एसीच्या गारव्यातून बाहेर आल्यावर ऊन अंगावर पडलं. मागे कुणीतरी काहीतरी बोललं आणि बायका पुन्हा हसल्या.

*

सविताचे आईवडील, भागीबाई आणि सोमा, तिसऱ्या प्लॉटमध्ये तोडणीला होते. सुरगाण्याकडच्या डोंगरातून दर साल पौषात ते निफाडच्या बाजूला उतरत. गेली वीस वर्षं दत्तूनानांचीच बाग. भागीबाई घड देठाला धरून कातरीनं कापायची, मण्याला बोट न लावता क्रेटमध्ये निजवायची. सोमा भरलेले क्रेट खांद्यावरून ट्रॅक्टरपर्यंत न्यायचा. त्याच्या उजव्या खांद्याला त्यामुळे कातड्याचा जाड घट्टा पडला होता.

सवितानं सगळं सांगितलं. सोमा क्रेट खाली न ठेवताच ऐकत होता.

"रगात येईपर्यंत घासायला लावलं?"

"हां."

"कशाला तोंड दाखवलंस?" भागीबाई म्हणाली. "बागेत काय वाईट हाय? आपण दोघी एका ओळीत राहू."

"बागेतलं काम दीड महिन्यानं संपतं, आई. पॅकिंगवर शेवटचा माल जाईपर्यंत ठेवतात, मग कांद्याच्या शेडला पण घेतात. मी चिठ्ठी आणणार."

"डॉक्टर काय सांगणार? आपल्या झऱ्याचं पाणीच तसलं. त्या पाण्यानं झालं."

"तेच लिहून आणते."

भागीबाईनं कातर चालवली. घड देठाजवळ न तुटता मधूनच तुटला आणि अर्धा मातीत पडला. असं तिच्या हातून कधी होत नसे. सोमानं तो उचलला, फुंकला आणि बाजूला ठेवला.

"जा दोघी," तो म्हणाला. "पोरगी एकटी नको शहरात. मी हितलं बघतो."

"मी कशाला? मला डॉक्टरचं काय कळतं?"

"आई म्हणून जा."

*

नाशिकच्या दातांच्या कॉलेजात केसपेपर काढून त्या एका लांबलचक खोलीत आल्या. खुर्च्यांच्या रांगा, प्रत्येक खुर्चीवर आ वासलेलं माणूस. भागीबाई भिंतीला चिकटून उभी राहिली. तिला कुणी बस म्हणालं, तरी ती बसली नाही.

सविताच्या वाट्याला आलेली डॉक्टरीण तरुण होती. पांढऱ्या कोटावर नाव होतं, डॉ. स्वानंदी. आवाज मऊ होता.

"घाबरू नका. दुखणार नाही. मिश्री, तंबाखू?"

"कवाच नाय."

"मला दिसतंय. तो डाग दाताच्या वर बसतो, खरवडला की निघतो. हा आतून आहे."

सवितानं आईकडे बघितलं. आपल्या दातांबद्दल आतून हा शब्द तिनं पहिल्यांदाच ऐकला होता.

डॉक्टरीणबाईंनी पेटीतून पट्टी काढली. तिच्यावर पांढऱ्यापासून राखाडीपर्यंत नकली दात ओळीनं बसवलेले होते. एकेक दात सविताच्या दातांशेजारी धरून त्या बघू लागल्या, जुळला नाही की पुढचा धरायच्या. मग मोठ्या मॅडमना बोलावून आणलं. दोघी इंग्रजीत बोलल्या आणि मोठ्या मॅडम जाताना म्हणाल्या, "थर्ड डिग्री. लिही."

"तिसरी म्हंजी?" सवितानं विचारलं. लाइनवर तिसरा माल डब्यात भरत नाहीत, बेदाण्याला पाठवतात.

"अशा डागांच्या चार श्रेणी करतो आम्ही. पहिल्या दोन फिक्या. तिसरी म्हणजे गडद रंग आणि वर पट्ट्या. बरं, मावशी, पुढं या. ही वर्षा-दोन वर्षांची असताना आजारी असायची का? खोकला, ताप, न्यूमोनिया?"

"नाय."

"काही औषध? कॅप्सूल, पुड्या? बरेच दिवस दिलेलं?"

"कसलंच नाय."

"आठवून बघा."

"नाय म्हणले ना. आमच्याकडं कुठला डॉक्टर?"

भागीबाईचा आवाज चढला होता. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसानं मान वळवून बघितलं. सविता म्हणाली, "डॉक्टर, आमच्या झऱ्याचं पाणी खराब हाय. त्यानं झालं असंल ना?"

"पाण्यानं झालं असतं, तर खडूसारखे पांढरे ठिपके असते, तपकिरी खड्डे असते. आणि तुमच्या गावात बऱ्याच जणांना असते. आहेत कुणाचे असे?"

सवितानं शेजारीपाजारी आठवले. काकाची पोरं, पाणवठ्यावरच्या मैत्रिणी, आजी. सगळे त्याच झऱ्याचं पाणी पीत मोठे झाले होते.

"नाय. माझेच."

भागीबाई खिडकीबाहेर बघत होती.

मग त्यांना एका अंधाऱ्या खोलीत नेलं. डॉक्टरीणबाईंनी हातातला जांभळा दिवा सविताच्या तोंडाशी धरला आणि दात पिवळे चमकले. पट्ट्या तर काजव्यासारख्या. भागीबाईनं तोंडावर पदर दाबला. फोटो निघाला, तशी ती पुढे झाली.

"फोटो कशाला? कुठं लावणार हा?"

"कुठंच नाही, मावशी. केसपेपरला जोडायला. चेहरा नाही येत, फक्त दात. नको असेल तर पुसते."

"ऱ्हाऊ द्या," सविता म्हणाली. "मला बघू."

डॉक्टरीणबाईंनी फोटो मोठा करून दाखवला. "हे एका जातीच्या औषधाचं लक्षण आहे. पूर्वी खोकल्यावर, तापावर खूप द्यायचे. लहान मुलांना देऊ नये म्हणतात ते यासाठीच. दात हिरडीच्या आत तयार होत असतो, टोकाकडून वर. त्या वेळी हे पोटात गेलं, की तिथं बसतं ते कायमचं. ही टोकाजवळची पट्टी, साधारण सव्वा वर्षाची असताना. ही मधली, सव्वादोन. ही वरची, सव्वातीन. अगदी नेमकं नाही सांगता येत. पण तीन वेळा, आणि मधे वर्ष-वर्षाचं अंतर."

"पोरीच्या दातावर साल लिहिलंय का काय?" भागीबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी जांभळा दिवा बाजूला ठेवला.

"घालवता येतील?" सवितानं विचारलं.

"पांढरे करायचं औषध लावून फार फरक पडणार नाही. वरून पातळ कवचं बसवतात. पुढच्या आठ दातांना तरी लागतील. खर्च आहे. पण दात मजबूत आहेत, आजार काही नाही, हे लक्षात ठेवा."

चिठ्ठी मराठीतच लिहा, म्हणून सविता अडून बसली. डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं आणि थांबल्या. "औषधाचं नाव काय लिहू? आई तर काही दिलंच नाही म्हणतात. नुसतं औषध लिहिते." आणि त्यांनी लिहिलं: दातांवरील डाग तंबाखू, मिश्री किंवा अस्वच्छतेमुळे नसून लहानपणी पोटात गेलेल्या औषधामुळे आहेत. श्रेणी तिसरी. खाली सही आणि गोल शिक्का.

परतीच्या एसटीत दोघींना शेजारी जागा मिळाली. निफाड येईपर्यंत भागीबाईनं पुढच्या सीटची दांडी सोडली नाही, आणि सवितानं तिच्याकडे बघितलं नाही.

*

ललितनं चिठ्ठी एकदा वाचली. मग गॉगल काढून पुन्हा वाचली.

"औषधामुळे? कुठल्या औषधामुळे?"

"ते लिहिलं नाय."

"लहानपणी तुम्ही कुठं राहत होता?"

"हितंच, साहेब. तुमच्याच बागेत, पाचटाच्या कोपीत. तीन-साडेतीन वर्षांची होईपर्यंत दर साल आई मला घेऊन यायची."

ललितच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. बागेत औषध म्हटलं की एकच: ट्रॅक्टरच्या ब्लोअरनं वेलीवर मारतात ते. "चिठ्ठी राहू दे माझ्याकडं," तो म्हणाला.

"झेरॉक्स काढून घ्या. ही मी ठेवते."

त्यानं मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो काढला, दोनदा. लाइनवर घ्यायचं की नाही ते बोललाच नाही.

त्याच दिवशी दुपारच्या भाकरीच्या वेळेला दत्तूनाना कोपीशी आले. वीस वर्षांत ते बांधापर्यंत यायचे, कोपीपर्यंत कधी नाही. सोमानं घाईघाईनं गोणपाट झटकून अंथरलं. नाना बसले नाहीत.

"काय सोमा, बरं हे ना सगळं? तब्येती?"

"बरं हाय, नाना."

"पोरगी डॉक्टरकडं गेली होती म्हणे. काही दुखत-खुपत असलं तर आधी आम्हाला सांगायचं. बाहेर कशाला जायचं? आपण काय परके हे का?"

नानांनी कोपीकडे बघितलं, कोपीमागच्या शेडकडे बघितलं. आता तिथं खताच्या गोण्या होत्या. पूर्वी औषधाचे ड्रम असायचे. मग नाना निघून गेले.

सोमा बराच वेळ हातातली भाकरी मोडत बसला.

"सविता, ती चिठ्ठी वाच."

तिनं वाचली.

"पोटात गेलेलं औषध," सोमा म्हणाला. "म्हंजी फवाऱ्याचं. म्हणून म्हातारा आला. त्या ड्रमापासून आपण चार हातावर निजायचो. ड्रम धुतलेलं पाणी ह्याच चारीनं जायचं. ह्याच चारीत तू खेळायचीस." तो भागीबाईकडे वळला. "आठवतंय का नाय?"

"आठवतंय," भागीबाई म्हणाली आणि चुलीतलं लाकूड मागे ओढलं. स्वयंपाक झालेला होता, जाळ मघाच विझला होता.

सविता आईच्या हाताकडे बघत राहिली.

*

दुसऱ्या दिवशी, तपासणीवाले येऊन गेल्यावर, ललितनं सोमाला पॅकहाऊसच्या ऑफिसात बोलावून खुर्चीवर बसवलं आणि कपात चहा दिला. इंदिरानगरला त्याच्या ओळखीचा दातांचा डॉक्टर होता. सविताच्या आठही दातांना कवचं बसवायची, सगळं ललित बघणार. शनिवारी वेळसुद्धा घेतली होती. फक्त त्याआधी शुक्रवारी बंगल्यावर येऊन एका कागदावर अंगठा द्यायचा.

सोमानं बागेत येऊन हे सांगितलं, तेव्हा त्याच्या आवाजात राग होता आणि थोडा उजेडही होता. "नवे दात, सविता. पांढरे. आपण मागितले पण नाय." मग तो क्रेट घेऊन ट्रॅक्टरकडे गेला.

ओळीत मायलेकीच राहिल्या. दोघींच्या मधे घडांनी लगडलेली वेल.

"आई, सव्वा वर्षाची मी कुठं होते?"

"हितंच. कुठं असणार?"

"आणि सव्वादोन?"

"हितंच."

"सव्वातीन?"

भागीबाईची कातर थांबली.

"त्याच्या म्होरल्या साली मला आजीकडं का ठेवलं?"

"तू मोठी झालीस. आजी सांभाळत व्हती."

"आई, औषध फवाऱ्याचं नाय. डॉक्टर म्हणाली, खोकल्यावर देतात ते. ती कॅप्सूल म्हणाली आणि तू नाय म्हणालीस. आठवून बघायच्या आधीच नाय म्हणालीस."

पलीकडे एक घड कापून क्रेटमध्ये गेला. मग भागीबाई बोलली, ती वेलीशी बोलल्यासारखी.

"तुझ्याआधी एक व्हती. यशोदा."

"ठाऊक हाय. तापानं गेली."

"तापानं नाय. खोकल्यानं. त्या पलीकडच्या प्लॉटला कोपी व्हती आपली. अडीच वर्षांची पोर. श्वास घ्यायची, तर छाती आत जायची, हितं खड्डा पडायचा. तुझा बाबा म्हणाला, तोडणी उरकू दे, मंग तालुक्याला नेऊ. तोडणी उरकायच्या आदल्या दिशी गेली." तिनं नाक पुसलं. "मंग तू झालीस. पयल्या साली अंगावर पीत व्हतीस, काय झालं नाय. दुसऱ्या साली तोच खोकला. तोच आवाज. मी कुणाला सांगितलं नाय. तुला पाठीला बांधली आन् गाडी धरून गावी गेले, धोंडीराम कंपाउंडरकडं. त्यानं लाल-पिवळ्या कॅप्सूल दिल्या. फोडून अर्धी पूड मधात चाटव म्हणाला, चार दिस. दुसऱ्या दिशी तू उठून बसलीस. भाकर मागितलीस."

"चार दिस दिलीस?"

"महिनाभर. थांबवायचं भ्याव वाटायचं. थांबवली आन् खोकला परत आला तर? म्होरल्या साली येतानाच डबाभर घेऊन आले. त्याच्या म्होरल्या साली पण. खोकला लागला, की चालू करायची ती गावी जाईपर्यंत. बाबाला कळू दिलं नाय. कळलं असतं तर म्हणाला असता, कंपाउंडर कसला डॉक्टर, एक गेली ती गेली, दुसरीला तू मारशील."

"आणि दात आले तवा?"

"दुधाचे पडले, नवे आले. शाळेत नर्सबाई आली व्हती, तिनं इचारलं, काय दिलंस हिला? तवा मला कळलं. मी म्हणले, पाणी."

सविताच्या हातातली कातर उघडी होती.

"आश्रमशाळेत पोरी मला गंजकी म्हणायच्या," ती म्हणाली. "दहा वर्षं. फोटोत मला मागं उभं करायचे. मी झऱ्याला शिव्या द्यायचे, आई. झऱ्याला! तू समोर असायचीस आणि ऐकायचीस."

"हां."

"एकदा सांगायचं होतंस."

"काय सांगू? तुझं तोंड मी नासवलं म्हणून सांगू?"

सवितानं आपला क्रेट उचलला, वेलीखालून वाकून गेली आणि दोन ओळी सोडून पलीकडे कामाला लागली. संध्याकाळपर्यंत ती आईच्या ओळीत आली नाही. घरी गेल्यावरही तिनं सोमाला काही सांगितलं नाही. सांगायचं तर आईनं सांगावं, असं तिला वाटत होतं. आणि शनिवारचे दात मनातून जात नव्हते, हेही खरं होतं.

*

शुक्रवारी दुपारी तिघं बंगल्याच्या पडवीत बसली. खाली फरशीवर. नाना झोपाळ्यावर होते, पण झोपाळा हलत नव्हता. ललितनं टाइप केलेला कागद वाचला: माझ्या मुलीच्या दातांचा बागेतल्या कुठल्याही फवारणीशी संबंध नाही. याबाबत मी कुठंही तक्रार करणार नाही.

"संबंध नाय," सोमा म्हणाला, "तर मंग दात कशाला बसवून देताय?"

"माणुसकी म्हणून. वीस वर्षांची माणसं तुम्ही."

"वीस वर्षं येतोय, दादा. एक पोर पुरली ह्या शिवारात. तवा कुणी माणुसकी घेऊन नाय आलं."

"सोमा," नाना म्हणाले, "तोंड सांभाळून."

"सांभाळूनच बोलतोय, नाना."

ललितनं शाईचा पॅड पुढे सरकवला. सोमानं पॅडकडे बघितलं, मग सविताकडे. ती मान खाली घालून बसली होती. सोमानं अंगठा शाईत दाबला. जोरानं, शाई बोटाच्या बाजूनं वर येईपर्यंत.

"थांबा," भागीबाई म्हणाली. "ते औषध मी दिलंय."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती उभी राहिली होती, आणि उभी राहूनच तिनं सगळं सांगितलं. धोंडीराम कंपाउंडर, कॅप्सूल, मध, महिना-महिना. नवऱ्याकडे न बघता सांगितलं. सांगताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

ललितनं मोठा श्वास सोडला. "ऐकलं ना, नाना? म्हणजे आपलं काही नाही!" त्यानं कागद ओढून घेतला. "मग आता हा विषयच संपला. दातांचाही. आईनंच दिलं, तर आम्ही काय करणार?"

नानांनी उपरण्यानं कपाळ पुसलं, मग मान पुसली. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरल्या.

सोमा अंगठा वर धरून तसाच बसला होता. काळी शाई मनगटाकडे ओघळत होती. ललित त्याच्याकडे बघून थोडं हसला.

ते हसू सवितानं बघितलं. नानांचं कपाळ पुसणंही बघितलं.

"साहेब," ती म्हणाली, "दात कशानं गेले, ते कळलं. खोकला कशानं लागला?"

"कसला खोकला?"

"ज्याच्यावर औषध दिलं तो. तीन पट्ट्या हायेत. अंगावर पीत होते ते साल सोडलं, तर तीन साली मी हितं होते, त्या तीनही साली खोकला लागला. त्याच्या म्होरल्या सालापासून मला गावी ठेवलं. तवापासून एकदा पण नाय लागला. यशोदाला लागला, तो पण हितंच."

आत कुठंतरी मिक्सर चालू झाला आणि बंद पडला.

"लहान पोरांना खोकला व्हतोच," नाना म्हणाले.

"व्हतो," सविता म्हणाली. "मग तुमी कागद कशाला केला?"

नानांनी ललितकडे बघितलं. ललितनं कागदाची घडी घातली, मग आणखी एक, आणि खिशात घातला. "सोमवारपासून लाइनवर ये," तो म्हणाला. "झुंबरबाईला सांगतो मी. चिठ्ठी आहेच तुझी."

सवितानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पण उठताना तिनं आईचा हात धरून तिला पुढे घेतलं.

बंगल्यापासून कोपीपर्यंत बांधाची वाट होती. सोमा पुढे चालत होता, झपाझप, मागे न बघता. चारीपाशी तो थांबला. खाली वाकून मूठभर माती घेतली आणि अंगठा चोळू लागला. शाई निघत नव्हती, माती काळी होत होती. भागीबाई दहा पावलांवर थांबली. तो काय म्हणेल, ते ऐकायला ती गेली अठरा वर्षं तयार होती.

"यशोदाला का नाय दिलंस?" तो म्हणाला.

तिला आधी कळलंच नाही.

"ते औषध. यशोदाला का नाय दिलंस?"

"तवा मला ठाऊक नव्हतं," भागीबाई म्हणाली. "तुमी म्हणाला, तोडणी उरकू दे. मी थांबले."

सोमानं मान हलवली. माती खाली टाकली आणि चारीच्या काठावर बसला, खांदे पुढे घालून. भागीबाई थोडा वेळ उभीच होती. मग तीही बसली, त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून. सविता पुढे गेली नाही, तिथंच थांबली.